फुकटच्या श्रमाचा पगारी मुकादम

अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत वाट दाखवणारे, माहिती सांगणारे, कित्येक ठिकाणी प्राण्यांचे खाद्य चिरणारे हात स्वयंसेवकांचे असतात. त्यांची निवड करणारा, पाळ्या लावणारा व्यवस्थापक मात्र पगारी असतो. ही आता स्वतंत्र कारकीर्द झाली असून तिच्यासाठी प्रमाणपत्र परीक्षाही आहे. श्रम फुकट, मुकादम पगारी. हे व्यवहारचातुर्य दाद देण्याजोगे आहे!

निवृत्तीनंतर हौसेने येणाऱ्यांविषयी तक्रार नाही. प्रश्न आहे तो प्राणिपालाच्या नोकरीच्या आशेने महिनोन्‌महिने विनावेतन राबणाऱ्या तरुणांचा. त्या नोकरीसाठी अनुभव मागितला जातो, आणि अनुभव बहुधा फुकट राबूनच मिळतो. ज्याला घरभाडे स्वतः भरावयाचे आहे, तो मजुराचा मुलगा दाराबाहेरच राहतो.

कायदा काय करतो? १९३८ च्या श्रममान कायद्यानुसार नफ्याच्या धंद्याला असे श्रम घेता येत नाहीत. एका धर्मसंस्थेच्या व्यापारी उद्योगांत राबणारे स्वतःला स्वयंसेवक म्हणवीत असतानाही १९८५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले. परंतु बहुतेक मोठी प्राणिसंग्रहालये सार्वजनिक वा ना-नफा संस्थांची. तेथे वाट मोकळी. सार्वजनिक संस्थेच्या नोकराला आपले नेमलेले काम तेथेच फुकट करता येत नाही, बाहेरच्याला मात्र येते. मग रिकाम्या जागा भरण्याची घाई कोणाला असणार?

स्वयंसेवक हा शब्द समाजवाद्यांना परका नाही. सेवा दलाच्या सैनिकांनी श्रमदान केले, ते कोणाच्या पोटावर पाय देण्यासाठी नव्हे. प्राणिसंग्रहालयांनी उमेदवारी पगारी करावी, आणि स्वयंसेवकांचे तास मंजूर पदांच्या हिशेबात धरू नयेत.