पाकीट घेण्याआधी रानातली बुरशी जगवा

कांदा लावणाऱ्या शेतकरी बंधू-भगिनींना एक कळकळीची विनंती आहे. बुरशी म्हटलं की आपल्याला मर, करपा, मूळकूज आठवते आणि हात बुरशीनाशकाकडे जातो. पण त्याच मातीत पिकाच्या मुळांना धरून राहणारी, पिकाला पोसणारी बुरशीही असते. तिचं नाव मायकोरायझा. कृषी सेवा केंद्रात तिला ‘व्हॅम’ही म्हणतात.

कांद्याला तिची गरज फार. त्याची मुळं आखूड, फांद्या न फुटणारी, केसमुळं जवळजवळ नाहीतच. त्यात स्फुरद मातीत हलत नाही. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटर मातीतलं स्फुरद संपलं की पलीकडे कितीही असलं तरी पीक उपाशीच. चुनखडीच्या रानात तर टाकलेलं स्फुरद चुन्याशी बांधलं जातं. मायकोरायझाचे तंतू केसमुळांहून बारीक. ते मुळाच्या आत शिरतात, बाहेर कित्येक सेंटिमीटर पसरतात आणि तिथून स्फुरद, जस्त आणून देतात. मोबदल्यात पीक त्यांना साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. हा व्यवहार ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही सापडला आहे.

पण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत रान फार दिवस पड ठेवलं की पुढचं पीक खुरटायचं, ओल चांगली असूनही. पड काळात मायकोरायझा घटते आणि त्यामुळे सूर्यफुलाला स्फुरद कमी पडतं, हे जे. पी. थॉम्पसन यांनी १९८७ साली दाखवून दिलं. आपल्या काळ्या रानांनी यातून शिकण्यासारखं आहे.

म्हणून पावसाळ्यात रान मोकळं ठेवू नका. मका, बाजरी, मूग, चवळी, निदान ताग तरी पेरा. कोबी, फ्लॉवर, मोहरी, पालक, बीट यांच्या मुळांशी ही बुरशी जवळपास नातं जोडतच नाही. त्यांच्यामागे लगेच कांदा घेण्याऐवजी मध्ये एखादं कडधान्य किंवा तृणधान्य येऊ द्या. दरवर्षी खोल नांगरट केल्याने तंतूंचं जाळं तुटतं, म्हणून ती गरज असेल तेव्हाच करा. आणि १८:४६ च्या (डीएपीच्या) गोण्या सवयीने ओतू नका. मातीत स्फुरद भरपूर झालं की पीकच बुरशीला मुळात फारसं शिरू देत नाही. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं: खताचा खर्चही होतो आणि फुकटची मदतही जाते.

मायकोरायझाचं विकतचं पाकीट वाईट नाही. जिथे रान बराच काळ पड होतं किंवा रोपवाटिकेची माती निर्जंतुक केली आहे, तिथे त्याचा उपयोग होऊ शकतो. पण ते मुळाजवळच पडलं पाहिजे. कांद्यासाठी गादीवाफ्यात बियाण्याखाली द्या, मुदत पाहून घ्या, आणि त्याच वेळी कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकाची आळवणी करू नका. रानात ही बुरशी आधीच भरपूर असेल, तर पाकिटाने फारसा फरक दिसणार नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

येत्या हंगामाआधी माती परीक्षण करून घ्या. अहवालात उपलब्ध स्फुरद जास्त आलं, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून डीएपी कमी करा, आणि दोन वाफे नेहमीच्या पद्धतीचे ठेवून काढणीला दोन्हीकडचा कांदा स्वतः तोलून पाहा.