सालीची मालकी
१९७२ ते २००७ या काळात मुंबईने आपला कचरा गोराईच्या खाडीकाठी ओतला. क्षेपणभूमी बंद झाली. फेकण्याची वृत्ती मात्र उरली. रत्नागिरी-देवगडच्या आंबारस कारखान्यांतून निघणाऱ्या सालींचेच पाहा. जेली घट्ट करणारे पेक्टिन सालीतच असते. तीच साल उकिरड्यावर जाते! ताजी, स्वच्छ धुतलेली आणि फवारणीच्या अंशांपासून मुक्त असेल, तरच ती अन्न ठरते, हे खरे. जॅममध्ये नियमानुसार किमान ६५ टक्के विद्राव्य घटक, म्हणजे बहुतांशी साखर असते. तेव्हा पौष्टिकतेचा डांगोराही बेताचाच पिटावा. खरा प्रश्न मालकीचा आहे. कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांना साल मिळाली, तर त्यातून रोजगार उभा राहील. मक्तेदाराच्या हाती गेली, तर केवळ नफा.