दोन मिनिटे बारा सेकंद

अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये 7 एप्रिल 2008 ची रात्र मारिओ चाल्मर्सच्या नावावर जमा आहे. सान अँटोनिओच्या अलामोडोममध्ये घड्याळात 2.1 सेकंद उरले असताना त्याने तीन गुणांची बास्केट केली, कॅन्ससने मेम्फिसला 63-63 असे गाठले आणि जादा वेळेत 75-68 ने विजेतेपद नेले. कॅन्ससवाले त्या फेकीला चमत्कार म्हणतात. जिंकणाऱ्यांनी म्हणावेच. पण 2 मिनिटे 12 सेकंद बाकी असताना मेम्फिस 60-51 असे पुढे होते, आणि नऊ गुणांची आघाडी एका फेकीत जात नाही.

मेम्फिसचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी ज्या आक्रमणाच्या जोरावर इथवर पोचले, ते मूळचे त्यांचे नव्हे. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या परिसरात शाळेच्या आणि ज्युनिअर कॉलेजच्या संघांना शिकवणाऱ्या व्हान्स वॉलबर्ग यांनी ते घडवले. कॅलिपारींनी उचलले आणि ‘ड्रिबल ड्राइव्ह मोशन’ असे त्याचे बारसे केले. चौघांनी बाहेर दूरदूर पसरायचे, उंच गड्याने चेंडूच्या विरुद्ध बाजूला बास्केटजवळ थांबायचे, आणि चेंडूवाल्याने मधल्या मोकळ्या जागेतून सरळ आत घुसायचे. स्क्रीन लावून वाट करून देण्याचा खटाटोप जवळपास नाहीच. कबड्डीतल्या चढाईसारखाच हा मामला: आत शिरलेल्याला धरायला कोण पुढे सरसावतो यावर सगळे ठरते. कोणीच आले नाही तर ले-अप. कोणी आला तर त्याने सोडलेला खेळाडू बाहेर मोकळा, त्याला पास आणि तीन गुणांची फेक. डेरिक रोज आणि ख्रिस डग्लस-रॉबर्ट्स यांच्यासारखे घुसणारे हाताशी असल्यावर दुसरे काय हवे? अंतिम सामन्याआधी 38 विजय आणि एकच पराभव, तोही फेब्रुवारीत टेनेसीकडून.

मात्र घुसणाऱ्याला थांबवण्याचा सोपा उपाय म्हणजे फाउल. त्यामुळे हे आक्रमण पुन्हा पुन्हा फ्री थ्रोच्या रेषेवर येऊन उभे राहते. तिथे समोर कोणी नसते, 15 फुटांचे अंतर असते आणि चेंडू आत टाकायचा असतो. मेम्फिसचे या कामातले यश त्या मोसमात साठ टक्क्यांच्या आसपास घुटमळत होते. ज्या संघाचा खेळच फाउल ओढण्याचा, त्याला हा आकडा परवडणारा नव्हता. स्पर्धेत टेक्सास आणि यूसीएलए यांच्याविरुद्ध फ्री थ्रो भराभर पडले, तेव्हा दुखणे बरे झाले असे सगळ्यांनी धरले. ते बरे झाले नव्हते.

अंतिम सामन्यात मागे पडल्यावर कॅन्ससचे प्रशिक्षक बिल सेल्फ यांच्या संघाने मुद्दाम फाउल करायला सुरुवात केली. शेवटच्या सव्वा मिनिटात डग्लस-रॉबर्ट्स आणि रोज यांनी मिळून पाच फ्री थ्रो घेतले आणि चार चुकवले. रोजचा एक पडला, 10.8 सेकंद उरले आणि फलक 63-60 झाला. मेम्फिसचा उंच गडी जोई डॉर्सी तोवर पाच फाउल होऊन बाकावर बसला होता.

आता बचावाचा प्रश्न. तीन गुणांची आघाडी आणि दहा सेकंद. अशा वेळी स्वतःहून फाउल करावा की फेक अडवावी, यावर अमेरिकेत प्रशिक्षकांचे दोन तट आहेत. फाउलचे गणित सरळ आहे: समोरच्याला दोनच फ्री थ्रो मिळतात, तीन गुण मिळत नाहीत. धोकाही तितकाच सरळ आहे. फेक सुटताना हात लागला तर तीन फ्री थ्रो बहाल होतात. माझ्या मते या वादात मेम्फिसचे उदाहरण देणारे दोन्ही तट फसतात. कॅलिपारींनी नंतर सांगितले की त्यांना फाउलच हवा होता. म्हणजे निर्णय झालेला होता. कॅन्ससचा शेरॉन कॉलिन्स चेंडू घेऊन धावत आला तेव्हा रोजने त्याला धक्का दिलाही. कॉलिन्स अडखळला, पण शिट्टी वाजली नाही. तोल सावरत त्याने चेंडू चाल्मर्सकडे सोपवला. रोज हात उंचावून झेपावला, तोवर चेंडू सुटला होता. फाउलही पुरता नाही आणि बचावही पुरता नाही, असे ते अर्धेमुर्धे काम होते. मेम्फिस बहुतेक सामने सहज जिंकत आले होते. शेवटच्या दहा सेकंदांत एकेका गुणाचा हिशेब करण्याची पाळी त्यांच्यावर क्वचितच आली होती.

(पुढे रोजच्या प्रवेश परीक्षेचे गुण अवैध ठरले आणि कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिने मेम्फिसचा तो सगळा मोसमच नोंदींतून काढून टाकला. कागदोपत्री ते 38 विजय आता नाहीत, आणि गंमत म्हणजे हा पराभवही नाही. कॅन्ससचे विजेतेपद मात्र आहे.)

शिट्टी वाजवली नाही म्हणून पंचांना बोल लावणारे मेम्फिसमध्ये आजही भेटतील. पण फाउल करायचाच होता तर तो मैदानाच्या मध्यरेषेजवळ, कॉलिन्सचा वेग वाढण्याआधी, चेंडूवर हात घालून, पंचांना दुर्लक्ष करताच येणार नाही असा करायला हवा होता. वळसा घालून जाणाऱ्याला मागून ओझरता लागलेला खांदा पंचांच्या हिशेबात धरला जात नाही, आणि सामन्याच्या अखेरच्या सेकंदांत तर मुळीच नाही.