झोताचे मोजमाप आणि पैशाचा हिशेब

वणी-राजूर पट्ट्यातील कोळशाचा ट्रक वजनकाट्यावर चढतो, तेव्हा काटाच खोटा असेल तर खाणीवरील साऱ्या खर्चाचा हिशेब खोटा ठरतो, हे राजूरच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. कोट्यवधी रुपयांच्या कणत्वरकांविषयी मात्र ते सांगावे लागते.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ पाहावा. सुमारे १७२ मीटर परिघाच्या या वर्तुळात इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे सतरा लाख फेऱ्या घालतात आणि वळताना क्ष-किरण फेकतात. देशभरातील संशोधक आपले नमुने त्या किरणांखाली तपासतात. झोत वळविण्याचे काम १६ चुंबकांकडे. तो भिंगाप्रमाणे आवळून धरण्याचे ७२ चतुर्ध्रुवी चुंबकांकडे. यांतील एखाद्याचे बळ किंचित चुकले, की झोत वर्तुळभर कोठे फुगतो, कोठे आकसतो. यंत्र चालूच राहते. किरणांची प्रखरता तेवढी घटते. तोटा डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण.

दोष शोधण्यासाठी झोतालाच बोलते करावे लागते. एक लहानसा सुधारक चुंबक किंचित बदलावयाचा, वर्तुळातील प्रत्येक स्थितिदर्शकावर झोत किती सरकला ते टिपावयाचे, मग दुसरा, मग तिसरा. या आकड्यांच्या कोष्टकावरून कोणता चुंबक किती चुकला ते संगणक काढतो. स्थितिदर्शकही चुकतातच, म्हणून त्याच हिशेबात त्यांचीही चूक शोधली जाते. काट्याचीच तपासणी म्हणावयाची! अमेरिकेत ब्रुकहेवन येथे १९९० च्या दशकात रुळलेली ही पद्धत इंदूरलाही उपयोगी पडली आहे.

जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात गोष्ट याहून नाजूक. त्याच्या चुंबकांखाली भारतात तयार झालेले हजारो आधार आहेत, आणि २०१७ पासून भारत त्या संस्थेचा सहयोगी सदस्य आहे. तेथे झोताला ठेक्यात झोका देऊन शेकडो स्थितिदर्शकांवर त्याची प्रत्येक फेरी टिपतात. झोका थांबला की झोत पूर्ववत् होतो, त्यामुळे मोजणी पुन्हा करता येते. झोत टक्करीसाठी अतिशय आवळला असता दुरुस्तीपूर्वीची विचलने शंभर टक्क्यांच्या घरात जातात. मोजमापानंतर ती काही टक्क्यांवर येतात. तेवढ्यासाठी नवे यंत्र उभारावे लागत नाही.

आता पैशाकडे वळू. यंत्राची उभारणी भांडवली खर्चात बसते, तिचे उद्घाटन होते. मोजणीत गेलेला दिवस वार्षिक अहवालात ‘संशोधकांना न मिळालेला दिवस’ म्हणून उरतो. रांगेत थांबलेल्या संशोधकाची तक्रार खोटी नाही. पण अंधुक किरणांवर मोजलेला नमुना त्याला पुन्हा मोजावा लागला, तर ते तास कोणाच्या खाती मांडावयाचे? नव्या पिढीच्या वर्तुळांत चुंबक अधिक दाट आणि अधिक बलवान असतात. तेथे लहान चूकही महाग पडते. अशा वर्तुळाचा प्रस्ताव येईल तेव्हा स्थितिदर्शक, मोजणारी माणसे आणि मोजणीचे तास त्याच्या पहिल्याच अंदाजपत्रकात असावयास हवेत.