विश्लेषण : गृहकर्ज थकले, बँकेची नोटीस आली… घर वाचवण्याचे मार्ग कोणते?

नोकरी गेली, धंदा बसला किंवा घरात मोठे आजारपण आले की गृहकर्जाचे हप्ते थकू लागतात. मग बँकेचे फोन टाळले जातात, पोस्टाने आलेली नोटीस न उघडता कपाटात जाते आणि एके दिवशी दारावर ताब्याची नोटीस लागते. प्रत्यक्षात पहिला हप्ता चुकणे आणि घराचा लिलाव होणे या दरम्यान कायद्याने अनेक टप्पे ठेवले आहेत. मात्र प्रत्येक टप्प्यागणिक कर्जदाराच्या हातातले पर्याय कमी होत जातात.

बँक न्यायालयात न जाता घर विकू शकते?

होय. २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्यानुसार बँका आणि गृहवित्त कंपन्यांना दिवाणी दावा न लावता गहाण घर ताब्यात घेऊन विकता येते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तो खटला कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेचा होता. मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम देणे उरली असेल, तर मात्र हा कायदा वापरता येत नाही.

पहिले ९० दिवस महत्त्वाचे का?

हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादित, म्हणजे एनपीए ठरते. त्याआधी बँकेशी बोलणी करणे सर्वांत सोपे असते. मुदत वाढवून हप्ता कमी करणे, कर्जाची पुनर्रचना करणे, काही काळ सवलत मागणे असे पर्याय तेव्हा खुले असतात. अर्ज लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. कर्जासोबत विमा घेतला असेल, तर मृत्यू, अपंगत्व किंवा गंभीर आजाराचे संरक्षण त्यात आहे का, हेही पाहावे. खाते एकदा एनपीए झाले की एखाद-दुसरा हप्ता भरून चालत नाही. सगळी थकबाकी भरल्यावरच ते पूर्ववत होते.

नोटीस आल्यावर काय करता येते?

खाते एनपीए झाल्यावर बँक कलम १३(२) खाली ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरण्याची नोटीस देते. रकमेत चूक असेल, भरलेले हप्ते जमा दाखवले नसतील किंवा अन्य आक्षेप असेल, तर तो याच काळात लेखी कळवावा. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. एकरकमी तडजोडीचा, म्हणजे ओटीएसचा प्रस्तावही देता येतो. मात्र तो कर्जदाराचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. शिवाय तडजोड केलेल्या कर्जाची नोंद पतअहवालात राहते आणि पुढचे कर्ज मिळणे अवघड होते.

घर स्वतः विकलेले बरे?

उत्पन्न पुन्हा सुरू होण्याची चिन्हे नसतील, तर अनेकदा हाच सर्वांत कमी नुकसानीचा मार्ग ठरतो. लिलावातील घर घ्यायला अनेक ग्राहक कचरतात, त्यामुळे त्याला बाजारभाव मिळेलच असे नाही. बँकेकडून एकूण देण्याचे पत्र घ्यायचे, ग्राहक शोधायचा आणि त्याच्या पैशांतून आधी कर्ज फेडायचे, असा हा व्यवहार असतो. मात्र ६० दिवसांची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही किंवा भाड्यानेही देता येत नाही.

ताबा घेतल्यावर दाद कुठे मागायची?

मुदत संपल्यावर बँक बहुधा आधी कागदोपत्री ताबा घेते. प्रत्यक्ष ताब्यासाठी ती जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मदत मागते. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर येथे ही न्यायाधिकरणे आहेत. नोटीस नीट बजावली नाही, मूल्यांकन चुकले, मुदत पाळली नाही, असे मुद्दे तिथे मांडता येतात. केवळ अर्ज केल्याने कारवाई थांबत नाही, त्यासाठी स्थगिती मिळवावी लागते.

पैसे भरून घर सोडवण्याची शेवटची संधी कधी?

लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरता येतील, हा समज महागात पडतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर संपूर्ण देणे आणि खर्च भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात हेच बजावले. म्हणून नातेवाइकांकडून पैसे उभे करायचे असोत वा गावची जमीन विकायची असो, हिशेब लिलावाच्या नव्हे, तर त्या नोटिशीच्या तारखेने करावा लागतो.

लिलाव झालाच, तरी एक हक्क उरतो. बँकेचे देणे आणि खर्च वळते करून शिल्लक राहिलेली रक्कम, तिच्यावर अन्य कोणाचा हक्क नसेल तर, कर्जदाराला परत मिळाली पाहिजे. त्यासाठी विक्रीचा आणि खर्चाचा हिशेब बँकेकडे लेखी मागावा.