करात सीसी मोजता, मग परवान्यात का नाही?

गेल्या महिन्यात ओवे गावात एका परिचितांकडे जाणे झाले. त्यांच्या मुलाला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते आणि पक्का परवाना नुकताच हातात आला होता. आठचा आकडा त्याने काकांच्या १०० सीसीच्या गाडीवर काढला होता. आता त्याला हवी होती ३९० सीसीची स्पोर्ट्स बाइक. वडिलांनी मला विचारले, ‘‘परवाना सरकारने दिलाय. सरकारला चालतं, तर मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?’’

प्रश्न बिनतोड होता, कारण कायदा त्या मुलाच्या बाजूने आहे. ओव्यातून सेंट्रल पार्ककडे निघाले की खारघरचे रुंद, सरळ रस्ते लागतात. दुसऱ्या बाजूला तळोजा एमआयडीसीचे ट्रेलर असतात आणि थोडे पुढे गेले की शीव-पनवेल महामार्ग. या रस्त्यांवर ८ अश्वशक्तीच्या गाडीवर परीक्षा दिलेला मुलगा दुसऱ्याच दिवशी ४६ अश्वशक्तीची गाडी काढू शकतो. त्याला कोणी अडवणार नाही आणि अडवण्यासाठी नियमही नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १० मध्ये दुचाकीचे दोनच वर्ग आहेत, विनागिअर आणि गिअरसह. कलम ४ नुसार वयाची अट १८ वर्षे आहे. अपवाद फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, ती १६ व्या वर्षी चालवता येते. हा कायदा झाला तेव्हा रस्त्यावर लुना होती आणि गिअर असलेली गाडी म्हणजे ‘मोठी’ गाडी, हे समीकरण बरोबर होते.

आज ५० सीसीच्या पेट्रोल गाड्या बाजारातून जवळपास गेल्या आहेत. उलट, ताशी १०० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटर आल्या आहेत आणि कायद्याच्या लेखी त्या ‘विनागिअर’ आहेत. दुसरीकडे, गिअरचा परवाना मिळाला की १०० सीसीची स्प्लेंडर आणि १००० सीसीची सुपरबाइक एकाच रांगेत येतात. शिकाऊ परवान्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. म्हणजे कालपर्यंत दुचाकीला हात न लावलेला माणूस महिन्याभरात कोणत्याही ताकदीची गाडी चालवायला कायद्याने पात्र ठरतो.

सरकारला धोका कळतो, पण कुठे?

गाडीच्या आकाराप्रमाणे धोका वाढतो हे सरकारला माहीत नाही, असे मुळीच नाही. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता पाहा. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये. थर्ड पार्टी विमा म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची भरपाई. म्हणजे मोठी गाडी इतरांना जास्त महागात पडू शकते, हे या दरांतच मान्य केले आहे.

जीएसटीचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के कर आहे. राज्याचा वाहन करही सीसीच्या टप्प्यांनी चढतो. विमा, जीएसटी, वाहन कर या तिन्ही ठिकाणी सीसी मोजली जाते. ती मोजली जात नाही फक्त परवान्याच्या खिडकीवर, म्हणजे जिथे प्रश्न पैशांचा नसून जिवाचा आहे तिथे.

सीसी की ताकद?

मात्र परवान्यासाठी नुसती सीसी मोजूनही भागणार नाही. ३४९ सीसीची क्लासिक ३५० सुमारे २० अश्वशक्ती देते आणि तिचे वजन १९५ किलो आहे. ३९९ सीसीची केटीएम ३९० ड्यूक ४६ अश्वशक्ती देते आणि वजन १६८ किलो. इंजिनाचा आकार जवळपास सारखा, पण दर १०० किलोमागे पहिलीची ताकद १० अश्वशक्ती आणि दुसरीची २७. स्प्लेंडरची साधारण ७. मनगट थोडे जास्त फिरले तर गाडी किती जोरात झेपावेल, हे या आकड्यावर बरेचसे ठरते. नवख्याची चूक नेमकी तिथे होते. त्यामुळे मोजायची तर ताकद आणि वजन दोन्ही मोजले पाहिजे.

जग काय करते?

युरोपीय संघात २०१३ पासून हीच पद्धत आहे. ‘ए-१’ परवान्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंत (सुमारे १५ अश्वशक्ती), ‘ए-२’ वर ३५ किलोवॅटपर्यंत (सुमारे ४७ अश्वशक्ती) गाडी चालवता येते. दोन वर्षे ‘ए-२’ वर काढली की ‘ए’ परवान्याचा मार्ग खुला होतो. सिंगापूरमध्ये आधी २०० सीसीपर्यंत, मग ४०० पर्यंत, त्यानंतर त्यापुढे अशी चढण आहे आणि प्रत्येक पायरीवर किमान एक वर्ष थांबावे लागते. ऑस्ट्रेलियात नवख्यांसाठी ६६० सीसी आणि वजनाच्या एका टनामागे १५० किलोवॅट अशी दुहेरी मर्यादा आहे.

मोठी गाडी घेतलेल्या नवख्यासाठी युरोपात आणखी एक सोय आहे, ती म्हणजे ताकद बांधून घेण्याची. थ्रॉटल पूर्ण उघडू नये म्हणून आत अडसर बसवतात किंवा इंजिनाच्या संगणकात कमी ताकदीचा नकाशा भरतात. त्याची कागदोपत्री नोंद होते. वरचा परवाना मिळाला की अडसर काढतात आणि गाडी तीच राहते. मात्र मूळ गाडीची ताकद ७० किलोवॅटपेक्षा जास्त असेल तर तिला ‘ए-२’साठी बांधून घेता येत नाही.

यातली गंमत अशी की या नियमांत बसणाऱ्या गाड्या पुणे जिल्ह्यातल्या चाकणमध्ये तयार होतात. बजाजच्या कारखान्यातून युरोपला जाणारी १२५ ड्यूक ‘ए-१’च्या मर्यादेत बसते आणि ३९० ड्यूक ‘ए-२’च्या. जर्मनीतल्या अठरा वर्षांच्या मुलाला ३९० साठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. चाकणहून शंभरेक किलोमीटरवरच्या ओव्यातल्या मुलाला ती द्यावी लागत नाही.

आक्षेपांचे काय?

पहिला आक्षेप रास्त आहे. आपल्याकडे बहुतेक दुचाकीस्वार १०० ते १५० सीसीच्या गाड्यांवर फिरतात, त्यामुळे मरणारेही बहुतेक त्याच गाड्यांवरचे असणार. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट आणि रस्त्यांची अवस्था हे प्रश्न ताकदीच्या मर्यादेने सुटणार नाहीत. पण त्याच वर्षी एकूण मृत्यूंपैकी ७१ टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या नावावर नोंदले गेले. वेगाचा मोह आणि अनुभवाचा अभाव एकत्र येऊ न देणे, एवढेच या नियमाचे काम. तेवढे झाले तरी पुष्कळ.

दुसरा आक्षेप गरिबाचा. घरात एकच गाडी, ती बापही चालवतो आणि मुलगाही. त्याला फटका बसेल का? मर्यादा शहाणपणाने ठरवली तर नाही. पहिली दोन वर्षे १५ किलोवॅट, म्हणजे सुमारे २० अश्वशक्ती, अशी पायरी ठेवली तर स्प्लेंडर, अ‍ॅक्टिव्हा, शाईन, पल्सर १५० आणि क्लासिक ३५० सुद्धा आत बसतात. कामावर जाणाऱ्या, दूध घालणाऱ्या, पार्सल पोहोचवणाऱ्या कोणाचीही गाडी बंद होत नाही. त्यानंतरची दोन वर्षे ३५ किलोवॅट, मग सर्व. ज्यांच्याकडे आज परवाना आहे त्यांना जुनाच नियम लागू ठेवावा.

तिसरा आक्षेप अंमलबजावणीचा. रस्त्यावर कोण तपासणार? सुरुवात शोरूममध्ये करावी. वाहनांची नोंदणी ‘वाहन’ प्रणालीवर होते, परवान्यांची ‘सारथी’वर. नोंदणीच्या वेळी चालवणाऱ्याचा परवाना विचारला आणि दोन्ही ताडून पाहिले, तर पहिली चाळण तिथेच लागते. बापाच्या नावावर गाडी घेऊन मुलाला देण्याची पळवाट राहीलच. पण पुढे अपघात झाला तर आपल्या वर्गाबाहेरची गाडी चालवल्याची नोंद होईल, विम्याचा दावा अडचणीत येईल. हे कळले की घरातले बोलणे बदलते.

ताकद बांधून घेण्याचा पर्याय आणायचा तर कायद्यातही जागा करावी लागेल. आज कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही आणि कलम १८२ अ खाली दंड किंवा तुरुंगवास होऊ शकतो. हे कलम असायलाच हवे. त्यात उत्पादकाने प्रमाणित केलेल्या, नोंदणीत लिहिलेल्या मर्यादेला स्पष्ट वाट दिली की पुरे.

ओव्यातल्या त्या वडिलांना कायद्यातले उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून घरातले दिले. वर्षभर घरातली ११० सीसीची गाडी त्याच्याकडे द्या. एक पावसाळा त्याला या रस्त्यांवर, ट्रेलरच्या मागे, ओल्या वळणावर काढू द्या. मग १५० पाहा, ३९० नंतर. मुलाने तोंड फिरवले. वडील म्हणाले, ‘‘हेच कागदावर लिहिलेलं असतं, तर त्याच्याशी भांडावं लागलं नसतं.’’

असे भांडण आज कितीतरी घरांत चालू आहे आणि कायद्याचा आधार नसल्याने बहुतेक ठिकाणी आईबाप हरतात. केंद्राने परवान्यात ताकदीच्या पायऱ्या आणल्या, तर तो कागद त्यांच्या हातात येईल.