फेकू नका, लेबल लावा

फ्रीजच्या बाबतीत माणसांच्या दोनच जाती. शुक्रवारी सगळं साफ करणारे आणि ‘असू दे, लागेल’ म्हणणारे. ऑफिसच्या पॅन्ट्रीत मी कट्टर पहिल्या पार्टीचा, कुणाचा तरी परवाचा पुलाव मला बघवत नाही. पण व्हायरसचा विषय निघाला की मी तडक दुसऱ्या पार्टीत. कारण सिलिगुडी.

2001 च्या जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधल्या या शहरात माणसं तापाने फणफणायला लागली. मग बरळायची, शुद्ध हरपायची. 66 जण आजारी पडले, त्यातले 45 गेले. आणि लागण कुठे झाली? बहुतेकांना हॉस्पिटलमध्येच! कुणी तिथला स्टाफ, कुणी पेशंटला भेटायला आलेलं. (‘बघायला जाणं’ हा आपल्याकडे नातेवाइकीतला कंपल्सरी पेपर, तो बंगालातही असणारच.) तपासण्या झाल्या, पण आजाराला नाव काही मिळालं नाही. विचार करा, घरातलं माणूस जातं आणि कशाने गेलं हे कुणीच सांगू शकत नाही.

निपाह तेव्हा जगाला माहीत होता, पण मलेशियातला म्हणून. तिथे 1998-99 मध्ये तो फळं खाणाऱ्या वटवाघळांकडून डुकरांत आणि डुकरांकडून माणसांत आला होता. दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. पुढे बांगलादेशात निपाहच्या साथी उघडकीला आल्या आणि तिथे मध्ये डुक्कर नव्हतंच. खजुरीच्या झाडाला रसासाठी मडकी लावतात, रात्री वटवाघळं त्यावर ताव मारतात आणि सकाळी तोच कच्चा रस माणसं पितात. सिलिगुडी तर बांगलादेशच्या अगदी उशाला. मग पुण्याच्या एनआयव्हीतल्या आणि अमेरिकेच्या सीडीसीतल्या शास्त्रज्ञांनी 2001 च्या साथीतले जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासायला घेतले. 18 पेशंट. त्यातल्या 9 जणांच्या रक्तात निपाहविरुद्धच्या अँटिबॉडीज मिळाल्या. 5 जणांच्या लघवीत तर खुद्द व्हायरसचा आरएनए सापडला, आणि तो मलेशियापेक्षा बांगलादेशच्या व्हायरसशी जास्त जुळणारा निघाला. 2006 मध्ये हे छापून आलं. भारतातला पहिला निपाह, पाच वर्षं उशिरा, लघवीच्या बाटलीतून!

आता कुणी म्हणेल, गेलेली माणसं थोडीच परत आली? नाही आली. पण 2018 च्या मे महिन्यात केरळात कोझिकोडला एकाच घरातली माणसं आजारी पडायला लागली, तेव्हा हा व्हायरस भारतात येऊन गेलाय हे डॉक्टरांना वाचायला उपलब्ध होतं. नमुने मणिपालला आणि पुण्याला गेले, काही दिवसांत उत्तर हातात. माझ्या मते हा फरक फार मोठा आहे.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर ऐका. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने मार्च 2020 मध्ये घेतले होते. एनआयव्हीला त्यातही निपाहच्या खुणा मिळाल्या. वीकेंड कॅन्सल करू नका, फक्त अर्धवट खाल्लेलं फळ उचलून तोंडात टाकू नका.

एक गोष्ट मात्र मला खटकते. बाटली ठेवायची ठीक आहे, पण ती कुणाची? तापात बरळणारा माणूस ‘पुढच्या रिसर्चला माझी हरकत नाही’ असं कसं म्हणणार? आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या नमुन्यांवर आणि बायोबँकांवर वेगळा विभागच आहे. नमुना पुढे वापरायचा असेल तर त्यासाठी संमती घ्यावी, एथिक्स कमिटीने लक्ष घालावं, हे त्यात आहे. प्रत्यक्षात आपण काय करतो? फॉर्मवर खूण दिसेल तिथे सही ठोकतो. मी हल्ली काउंटरवर विचारतो, उरलेल्या रक्ताचं काय करता? परवा तिथल्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ते पार्सल मागतोय.